सोळातले पाच

कुणीच नाही आलं, तरी एक धर बाई
एकटे आले चार, त्यांना सोबत नाही
जोडीनं आले सहा, तिघं तिघं चार
सगळे मिळून एक, सोळा वेळा दार

पुंडलिक मास्तरांचा हा आवाज सुलेखाच्या कानात बावीस वर्षांपासून होता. देवगाव रंगारीच्या शाळेत, नववीच्या वर्गात, फळ्याला पाठ टेकवून मास्तर हे चालीवर म्हणायचे. जात्यावर बसलेल्या बाईसारखी मान जराशी तिरकी करून. पोरं फिदीफिदी हसायची आणि मास्तर त्यांना हसू द्यायचे. मग समजावून सांगायचे. समजा, आपण चार पाहुण्यांना जेवायचं आवतण दिलं. कोण येईल, कोण नाही, हे काही आपल्या हातात नसतं. एखाद्या वेळी एकटाच येईल, एखाद्या वेळी दोघं बरोबर येतील, तिघं येतील, चौघंही येतील. आणि कुणीच आलं नाही, तर तोही एक प्रकार धरायचा. चार घटकांचा संच असला की त्याचे उपसंच सोळा. घरच्या बाईनं सोळाच्या सोळा डोळ्यापुढं ठेवून चूल पेटवायची असते, मास्तर म्हणायचे, नाहीतर नेमका न मोजलेला येऊन दारात उभा राहतो.

वर्गात रिकामा संच पहिल्याच फटक्यात धरणारी सुलेखा एकटीच होती. मास्तरांनी तिची वही साऱ्या वर्गात फिरवली होती. पुढं ती रसायनशास्त्र शिकली, शहरात आली, आणि गेली नऊ वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात केमिस्ट होती. औषधांचा कच्चा माल तिथं तयार व्हायचा. चाल तिला तोंडपाठ राहिली. मोजायचं मात्र एकदा राहून गेलं, आणि त्या एका वेळेनं मास्तरांचा मुलगा, त्याच कारखान्यात कामाला असलेला सुयश, गेला.

त्या कारखान्यात एक पिंप होतं. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, पण कामगार त्याला खिचडीचं पिंप म्हणायचे. पाळी संपताना प्रत्येक यंत्राच्या तळाशी जे उरेल ते त्यात ओतायचं आणि झाकण लावून सांडपाण्याच्या विभागाकडं ढकलायचं, अशी तिथली वर्षानुवर्षांची रीत. उरायच्या चारच गोष्टी, आणि एका पाळीला सहसा त्यातल्या एक-दोनच. मेथॅनॉलचं धुवण, वापरून झालेलं आम्ल, नायट्रेट मिठाचं पाणी आणि फरशीचं साबणपाणी. बाहेरचे तपासनीस यायचे होते तेव्हा कारखान्याचे प्रमुख सुदर्शन यांनी सुलेखाला सांगितलं, कशात काय मिसळलेलं चालतं त्याचा एक तक्ता करून भिंतीवर लावा. शनिवारी सांगितलं. तपासनीस सोमवारी.

तिनं त्या शनिवारी सहा जोड्या तपासल्या. चंचुपात्रात दोन-दोन द्रव्यं एकत्र करायची, त्यात तापमापी सोडायची आणि तासभर बघत बसायचं. एकही जोडी तापली नाही, कशाचाही वास आला नाही. पाच वाजता कंपनीची बस सुटायची. तिघांचे चार प्रकार राहिले होते आणि चौघांचा एक. अजून पाच तास. सुलेखानं घड्याळाकडं बघितलं आणि मनाशी म्हटलं, दोघं-दोघं भांडत नाहीत तर तिघं एकत्र आल्यानं काय होणार आहे. तक्त्यात सहाही चौकटींत तिनं हिरवी खूण केली आणि खाली लिहिलं, सर्व मिश्रणे तपासली. सही केली. सोमवारी तक्ता प्लॅस्टिकमध्ये बंद होऊन पिंपाच्या वर भिंतीवर टांगला गेला आणि तपासनिसांनी त्याचा फोटोही काढून नेला.

आठेक दिवसांनी सुयश तिच्या टेबलापाशी आला. हेल्मेट काखेत. सव्वीस वर्षांचा, बापासारखाच उंच, बापासारखीच मान तिरकी करायची सवय. कारखान्यात तो तिला मॅडम म्हणायचा आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की ताई.

"मॅडम, एक विचारू? तक्त्यात अकराच हायेत. एकटे चार, जोडीचे सहा, आन् रिकामं पिंप एक धरलं तर. सोळा पायजेत. पाच कुठंयत?"

टेबलावर चाळीस नमुने वाट बघत होते. सुलेखाला हसू आलं. "शोभतोस खरा मास्तरांचा," ती म्हणाली.

"तिघं एकत्र चालतील का, एवढंच सांगा. आताशा पाळी सुटताना तिन्ही उरतंय, आन् पिंप एकच हाये."

"दोन-दोन जमतात ना? मग तिघंही जमतील. जा आता, मला कामं आहेत."

तो लगेच मान डोलावून गेला. सांगणारं दुसरं कुणी असतं तर त्यानं आणखी दोघांना विचारलं असतं. पण ही सुलेखाताई होती. गावची, आबांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, हाताखालची. पहिल्याच फटक्यात रिकामा धरणारी पोरगी म्हणून आबा घरात अजून जिचं नाव काढायचे, ती. तिनं जमेल म्हटल्यावर मोजायचं काय उरलं होतं?

पुढच्याच बुधवारी सकाळच्या पाळीला सुयश आणि शफी होते. शफी त्याच्याहून वीस वर्षांनी मोठा, किराडपुऱ्याचा, त्याच विभागात केस पिकलेला. दोघांनी मिळून तिन्ही उरलेली द्रव्यं पिंपात ओतली आणि झाकण लावलं. काहीच झालं नाही. चहा पिऊन आले तरी काही नाही. मग सुयशनं सहज हात लावला तर पिंप तापलेलं होतं, तव्यासारखं. झाकण टकटक वाजायला लागलं. सुयशनं शफीला दाराकडं ढकललं आणि पिंप फुटू नये म्हणून मागं वळून झाकणाची कडी सोडवली. विटकरी रंगाचा धूर निघाला. दोन श्वास गेले असतील आत, फार तर तीन.

त्या धुराची रीत अशी की माणूस आधी धडधाकट दिसतो. सुयश खोकला, तोंड धुतलं, बाहेर येऊन लिंबाखाली बसला. शफी मात्र दारापाशीच छाती धरून वाकला होता, म्हणून सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. सुयश म्हणाला, मला काय झालं नाय, शफीभाईला बघा. संध्याकाळी तो आपल्या पायांनी खोलीवर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांनी त्याला उचलून घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. फुप्फुसं आतून पाण्यानं भरत चालली होती. मास्तर गावाहून येईपर्यंत तो शुद्धीवर होता, पण बोलता येत नव्हतं. दुपारी गेला.

पाचव्या दिवशी चौकशी झाली. सुदर्शन, आणखी दोघं, आणि टेबलाच्या या बाजूला सुलेखा. तिला कुणी दरडावलं नाही, पढवलंही नाही. सुदर्शननी अगदी सौम्य आवाजात विचारलं, "ओतण्याआधी त्यानं तुम्हाला काही विचारलं होतं का, मॅडम?"

समोर पाण्याचा पेला होता. सुलेखाच्या मनात त्या एका क्षणात किती काय येऊन गेलं. तक्त्याखालची सही आली, पोलीस आले, गावात राहणारे तिचे आईवडील आले. ती म्हणाली, "नाही."

सुदर्शननी पेनाला टोपण लावलं. अहवालात ओळ आली: मृत कामगाराने कोणालाही न विचारता तीन द्रव्ये एकत्र केली. तक्ता भिंतीवरून उतरला आणि तिथं दुसरी पाटी लागली. विचारल्याशिवाय काहीही मिसळू नये. रोज सकाळी सुलेखा तिच्याखालून जायची.

महिन्याभरानं, एका रविवारी कारखाना बंद असताना, तिनं राहिलेले पाच प्रकार केले. बोटाच्या पेराएवढी मापं घेऊन, काचेच्या बंद कपाटात. चार प्रकारांत साबणपाणी होतं, पण तिला हवा होता तो एकच. तिघांचा. आम्ल, मीठ, मेथॅनॉल. पाच मिनिटं, काही नाही. पंधरा मिनिटं, काही नाही. ती खुर्चीवर बसून राहिली, आणि आत कुठंतरी एक वेडी आशा वर आली, की नाहीच होणार काही, की चूक दुसऱ्याच कशाची असेल. बावीस मिनिटांनी पारा हलला. आधी अर्धा अंश. मग दोन. मग तो वर वर धावतच सुटला आणि काचेमागं त्या रंगाची एक वाफ उठली, पिकल्या चिंचेच्या सालीसारखी. त्या शनिवारी बस चुकवली असती तर पहिल्या तासालाच हे दिसलं असतं. मेथॅनॉल, आम्ल आणि मीठ, दोन-दोन करून कुणी एकमेकांच्या वाटेला जात नव्हतं. तिसरा आला की मगच ती एकमेकांना ओळखत होती.

तिनं भांडं धुतलं. नोंदवहीत काही लिहिलं नाही.

शफी दोन महिन्यांनी कामावर आला तेव्हा त्याला जिना चढवत नव्हता. सांडपाण्याच्या विभागात खुर्चीवर बसून पिंपांच्या चिठ्ठ्या बघायचं काम त्याला दिलं होतं. सुलेखा चौकशी करायला गेली. तब्येतीचं बोलून झालं. मग शफीनं सांगितलं की आठवड्यापूर्वी सुयशचे वडील त्याच्या घरी येऊन गेले. उन्हातनं चालत. वहिदानं, म्हणजे शफीच्या बायकोनं, पाणी दिलं तर ते हातात धरून तसेच उभे राहिले. माझ्या पोरानं विचारलं नाही म्हणून तुमची छाती गेली, म्हणाले. आणि खाली वाकून शफीच्या पायांना हात लावायला लागले.

"मास्तर आदमी, मेरे पैर छूने लगे," शफी म्हणाला. त्याला दम लागला, थांबला. हातातल्या चिठ्ठीकडंच बघत होता. "सुयश बिना पूछे मेरे डब्बे का पानी बी नै पीता था, मॅडम. मैं सोचता रहता. इस बार कैसे नै पूछा होगा."

त्यानं मान वर केली नाही. त्याला ठाऊक होतं का, अंदाज होता, की नुसतंच मनातलं बोलला, हे सुलेखाला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही. ती तिथून निघाली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिनं देवगावची बस धरली.

दौलताबाद गेलं, वेरूळ गेलं. खिडकीतनं कापसाची बोंडं फुटलेली रानं सरकत होती. सुलेखानं सांगायची वाक्यं जुळवायला घेतली. सर, माझं चुकलं. सर, मला वेळ नव्हता. कसाबखेडा येईतो दहा-बारा प्रकारे जुळवून झालं, आणि प्रत्येकातनं सुयशचा प्रश्न कसा कोण जाणे गळून जायचा. बस सुटण्याचं सांगता येत होतं, तक्त्याचं सांगता येत होतं. तो टेबलापाशी येऊन उभा राहिला होता, हे सांगायला गेलं की वाक्यच मोडायचं.

मास्तर ओसरीवर सतरंजी टाकून बसले होते. ती आलेली बघून हसले. चेहऱ्यात तेवढंच ओळखीचं राहिलं होतं. आत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तूर निवडत होत्या. सुलेखा त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच जरा जास्त वेळ राहू दिला.

"बघ माय, यांचं काय चाललंय ते," त्या म्हणाल्या. "माणूस गेल्यावर लोकं रडतेत. हे गणितं घालीत बसलेत."

मास्तरांनी कागद पुढं सरकवला. अहवालाचीच प्रत होती, उलटी करून पाठीमागच्या कोऱ्या बाजूला शिसपेन्सिलीनं लिहिलेलं. घरातली चार माणसं. पुंडलिक, लक्ष्मी, प्रेरणा, सुयश. प्रेरणा ही त्यांची लेक, कन्नडला दिलेली. चौघांचे सोळा उपसंच मास्तरांनी एकाखाली एक मांडले होते, फळ्यावर मांडायचे तसे, सुबक. त्यातल्या आठांवर काट मारलेली होती.

"लोक येऊन म्हणतेत, मास्तर, चारातला एक गेला, बाकीच्यांकडं बघा. त्यांचं मोजणं चुकतंय. हे बघ. सुयश एकटा, हे गेलं. तो आन् त्याची माय, सकाळी चुलीपाशी बसायचे, हे गेलं. तो आन् मी. तो आन् प्रेरणा, राखीला. मग तिघं तिघं, तीन प्रकार. आन् चौघं मिळून एक, दिवाळीला. आठ झाले. एक माणूस काढ आन् मोज, दर वेळी निम्मं जातं. चाळीस वर्षं शिकवलं, पण असं कधी दिसलं नव्हतं."

त्यांनी कागदाच्या अगदी वरच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं नुसता रिकामा कंस होता. "हा मात्र ऱ्हातो. हा कुणाच्या जाण्यानं जात नाय."

लक्ष्मीबाईंनी चहा आणून ठेवला. मास्तर सांगत राहिले. शाळेतनं निरोप आला होता. निवृत्त झाल्यावरही दर वर्षी गणपतीनंतर नववीला संच शिकवायला ते फुकट जायचे, यंदा राहिलं होतं, आता तरी या म्हणून हेडमास्तर दोनदा येऊन गेले. त्यांनी नाही सांगितलं. पोरांपुढं उभं राहून काय सांगायचं? साऱ्या जन्मात पोरांना गणित थोडंच शिकवलं, शिकवलं ते एवढंच, की अडलं तर विचारा, लाजू नका, मास्तराला विचारा, बापाला विचारा, रस्त्यानं जाणाऱ्याला विचारा. आणि कंपनीच्या कागदावर छापून आलंय की माझ्या पोरानं विचारलं नाही. पोरगं गेल्याचं दुःख आहेच, ते म्हणाले, ते माझ्याबरोबर जाईल. पण हे दुसरं जे आहे ते गिळताही येत नाही. एक माणूस त्याच्यापायी छाती धरून बसलाय. मी काय शिकवलं मग?

हे सगळं ते शांतपणे बोलत होते, वर्गात बोलल्यासारखं. लक्ष्मीबाई पुन्हा सुपापाशी बसल्या होत्या. तुरीचा दाणा, खडा, दाणा.

आता सांगायचं, सुलेखानं ठरवलं. आणि तोंडातून निघालं ते, "सर, मी निघते, दोनची बस आहे."

"जाशील की," मास्तर म्हणाले. "एक सांग मला. त्या कागदात लिवलंय, भिंतीवर तक्ता होता. तू केलेला." 

"हो."

"किती प्रकार होते त्यात?"

तिची नजर रिकाम्या कंसावर गेली. "अकरा."

"रिकामं पिंप धरून?"

"धरून."

मास्तरांनी बोटांवर काही मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती. "पाच राहिले," ते म्हणाले. आवाजात आरोप नव्हता. वही तपासताना लाल शाईनं आकडा घालावा तेवढंच. मग ते अंगणाकडं वळले. उन्हात एक शेळी भिंत चाटत होती. आणि त्यांनी जे विचारलं ते सुलेखाला विचारलं की स्वतःलाच, सांगणं कठीण होतं.

"रोज तो तक्ता डोळ्यापुढं. त्याला ती चाल पाळण्यातनं ठावकी. पाच कमी हायेत, हे त्याच्या ध्यानात आलं नसंल का गं?"

सुपातला आवाज थांबला. लक्ष्मीबाईंनी मान वर केली होती.

सुलेखाच्या हातातला चहा निवून गेला होता. तिनं कप खाली ठेवला, कागदाशेजारी. हात मोकळे झाले तेव्हा ते कुठं ठेवावेत तिला कळेना. बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य जवळ नव्हतं.

"आलं होतं, सर," ती म्हणाली. "तक्ता लागल्यावर आठ दिवसांतच आलं. माझ्या टेबलापाशी उभं राहून त्यानं मोजून दाखवले. सोळा पाहिजेत, पाच कुठं आहेत, म्हणून विचारलं. तिघं एकत्र चालतील का, एवढंच सांगा म्हणाला. मी तपासलं नव्हतं. तरी मी म्हटलं, दोन-दोन जमतात, तर तिघंही जमतील, जा. चौकशीत मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणून सांगितलं. सुयशनं विचारलं होतं, सर. मला विचारलं होतं."